डिस्कची पहिली तक्रार

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील पतसंस्था, वाचनालये, छापखाने आणि उद्यमबागेतील फाउंड्री यांचे संगणक सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. हिशेब आणि कागदपत्रे साठवण्यासाठी यांतील अनेक ठिकाणी लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा एखादा सर्व्हर असतो आणि तो जिन्याखाली किंवा दप्तराच्या कपाटाशेजारी वर्षानुवर्षे निमूटपणे चालत राहतो. काम अडले की मगच त्याची आठवण होते, आणि तेव्हा पडद्यावर दिसणारी ओळ बहुतेक वेळा एकच असते : फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) ‘रीड-ओन्ली’ झाली आहे, वाचता येईल, लिहिता येणार नाही. मग फोन येतो. ‘‘सकाळपासनं हे असंच यायलंय बघा सर, फॉरमॅट मारून बघू काय?’’ या प्रश्नाने आजही माझ्या पोटात गोळा येतो, कारण विचारणाऱ्याच्या हातात त्या क्षणी शेकडो सभासदांची खाती किंवा एखाद्या संस्थेचे जुने दप्तर असते, आणि त्याने वाचलेली ओळ ही घडलेल्या प्रकाराची अगदी शेवटची ओळ असते. पहिली ओळ तिच्या बरीच वर, कधी कधी काही तास आधी, उमटून गेलेली असते. ती शोधावी, नीट वाचावी आणि तोवर डिस्कवर काहीही लिहू नये, एवढेच मला सांगायचे आहे. पण ते पटायचे असेल तर त्या ओळी कोण लिहितो आणि कशाच्या आधारे लिहितो, हे आधी पाहावे लागेल.

आपण हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये एखादी पावती उघडतो तेव्हा ती मागणी प्रथम फाइल सिस्टिमकडे जाते. फाइल सिस्टिम त्या पावतीचा डिस्कवरचा ठावठिकाणा काढते आणि मागणी ब्लॉक स्तराकडे, म्हणजे डिस्कशी होणारी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या स्तराकडे, देते. तिथून ती स्कझी (डिस्कशी बोलण्याची एक जुनी परिभाषा) स्तराकडे, मग साटा जोडणीच्या डिस्क हाताळणाऱ्या ‘लिबाटा’ या ड्रायव्हर-संचाकडे, पुढे मदरबोर्डवरच्या कंट्रोलरकडे आणि शेवटी केबलमधून डिस्ककडे पोहोचते. या वाटेवर कुठे बिघाड झाला तर कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, प्रत्येक स्तर आपापली ओळ लिहितो, आणि पंचनाम्यात जसे प्रत्येक पंचाने स्वतः पाहिले तेवढेच नोंदवायचे असते, तसेच इथेही असते. केबलच्या सर्वांत जवळ असलेला लिबाटा डिस्कने नेमके काय उत्तर दिले ते लिहितो. स्कझी स्तर तीच गोष्ट ‘मीडियम एरर’ अशा आपल्या परिभाषेत मांडतो. ब्लॉक स्तर ‘आय/ओ एरर’ (वाचन-लेखनातील चूक) म्हणून डिस्कचे नाव आणि सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्याचा, क्रमांक देतो. त्यानंतर फाइल सिस्टिम म्हणते की अमुक डिरेक्टरी (फोल्डर) वाचता आली नाही. सगळ्यात वरच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला यांतले काहीच ठाऊक नसते, त्यामुळे तो फक्त ‘फाइल उघडत नाही’ एवढेच सांगतो. थोडक्यात, पडदाभर दिसणाऱ्या ओळी अनेकदा एकाच घटनेच्या असतात. ‘‘पन्नास एरर आलेत’’ असे घाबरून सांगणाऱ्याला मी आधी हेच समजावतो की पन्नास ओळी म्हणजे पन्नास बिघाड नव्हेत, आणि सर्वांत खालच्या स्तराची ओळ हाती लागली की उरलेल्या ओळी आपोआप उलगडतात.

त्या ओळी पाहण्यासाठी ‘डीमेसेज’ ही आज्ञा पुरते. कर्नल आपले संदेश मर्यादित आकाराच्या चक्राकार जागेत साठवतो. जागा भरली की जुने संदेश पुसले जाऊन नवे बसतात, म्हणून उशीर केला तर पहिली तक्रार हरवून बसते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात जो आकडा असतो तो यंत्र सुरू झाल्यापासूनच्या सेकंदांचा असतो. त्या आकड्याचे घड्याळी वेळेत रूपांतर करून तो त्या दिवशीच्या घडामोडींशी ताडून पाहण्याची सवय मला फार उपयोगी पडली आहे. वीज केव्हा गेली, इन्व्हर्टर केव्हा सुरू झाला, शेजारची मोठी मोटर केव्हा चालू केली, रात्रीचा बॅकअप किती वाजता लागतो, हे कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असते आणि डिस्कची तक्रार बहुधा यांपैकी कशाला तरी चिकटून आलेली असते.

लिबाटाची तक्रार पहिल्या नजरेत भीतिदायक वाटते, पण ती फार प्रामाणिकपणे रचलेली आहे. ‘एटीए३.००’ अशी सुरुवात असेल तर तिसऱ्या पोर्टवरचे पहिले उपकरण असा तिचा अर्थ. पुढे ‘एक्सेप्शन’, मग ‘फेल्ड कमांड’ आणि कोणती आज्ञा फसली तिचे नाव, उदाहरणार्थ ‘रीड एफपीडीएमए क्यूड’, म्हणजे रांगेत लावलेले वाचन. त्याखाली ‘रेस’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिथे डिस्कने परत पाठवलेले दोन आकडे तिरक्या रेघेने जोडलेले दिसतात. माझ्या मते या सगळ्या मजकुरात तेच दोन आकडे सर्वांत मोलाचे आहेत. ते सोळा-आधारी असतात. पहिला डिस्कची स्थिती सांगतो आणि दुसरा चूक कोणती ते सांगतो. ‘४१/४०’ असे दिसले तर डिस्क तयार आहे, पण तिने चूक कळवली आहे आणि ती चूक म्हणजे मागितलेला मजकूर दुरुस्ती-संकेत वापरूनही वाचता आलेला नाही. ‘५१/८४’ असे दिसले तर मजकूर केबलमधून येता-जाता बिघडला आणि त्याची पडताळणी-बेरीज जुळली नाही. हे आकडे पाठ असण्याची गरज नाही, कारण त्याच ओळीच्या शेवटी कंसात ‘मीडिया एरर’ (डिस्कवरून वाचता आले नाही), ‘एटीए बस एरर’ (केबलवर बिघडले) किंवा ‘टाइमआउट’ (वेळेत उत्तर आले नाही) असे कर्नल स्वतःच लिहितो आणि पुढच्या ओळींत प्रत्येक बिटचे नावही सोडवून देतो. लिबाटाची मूळ रचना जेफ गार्झिक यांची, आणि चुका हाताळण्याची आजची पद्धत तेजुन हो यांनी घडवली. ती २००६ मध्ये कर्नलच्या २.६.१८ या आवृत्तीत आली. ज्याला त्यांनी कधी पाहिलेही नाही अशा कुणाला तरी अडचणीच्या वेळी हे वाचावे लागेल, याची जाण ठेवून लिहिलेल्या या ओळींबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

‘मीडिया एरर’, ‘बस एरर’ आणि ‘टाइमआउट’ यांतला फरक कळला नाही की चांगली डिस्क फेकली जाते आणि मरणपंथाला लागलेली डिस्क कामाला जुंपली जाते. फाउंड्रीतल्या यंत्रांवर मला बस एरर जास्त दिसते. तिथे वाळूची आणि लोखंडाची बारीक धूळ असते, जमिनीला सतत कंप असतो आणि जुन्या साटा केबलच्या टोकाला पकडून ठेवणारी पत्र्याची चिमटी नसल्याने ती हळूहळू सैल होते. अशा वेळी कर्नल आधी लिंक, म्हणजे डिस्कशी असलेली जोडणी, रीसेट करतो, पुन्हा प्रयत्न करतो, आणि तरीही जमले नाही तर ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड’ असे सांगून वेग सेकंदाला ६ गिगाबिटवरून ३ आणि पुढे १.५ वर आणतो. मजकूर बहुधा शाबूत राहतो, पण सर्व्हर मंद झाल्याची तक्रार सुरू होते. याची खातरजमा डिस्कच्या स्वतःच्या नोंदीतून करता येते. ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) काढल्या की १९९ क्रमांकाच्या रकान्यात केबलवर बिघडलेल्या देवाणघेवाणीची संख्या असते. केबल बदलल्यावर ती संख्या शून्यावर येत नाही, म्हणून ती लिहून ठेवायची आणि पुढच्या आठवड्यात वाढली का तेवढे पाहायचे. वाढली नसेल तर दोष केबलचा होता.

विजेचा बिघाड आणखी वेगळा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात झाडे तारांवर पडतात, वीज येते-जाते, दाब खाली-वर होतो, आणि संगणकातला जुना एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) डिस्कची मोटर फिरायला लागताना लागणारा प्रवाह देताना दम टाकतो. मग डिस्क क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होते. यंत्र मात्र चालूच असते. कर्नलला फक्त लिंक गेली आणि परत आली एवढेच दिसते, आणि तो ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ व ‘लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड, प्लीज बी पेशंट’ असे लिहितो. या ठिकाणी स्मार्टमधला १२ क्रमांकाचा रकाना पाहावा. तिथे डिस्कला किती वेळा वीज नव्याने मिळाली याची मोजणी असते. सर्व्हर महिनाभर बंद केलेला नाही आणि तरीही ही मोजणी वाढत असेल तर दोष डिस्कमध्ये शोधत बसू नये. एसएमपीएस आणि विजेची जोडणी तपासावी. संगणकाच्या दुकानात अशा यंत्राची डिस्क बदलून दिली जाते, नवी डिस्कही तशीच वागते आणि दोन्ही डिस्क खराब निघाल्या म्हणून नशिबाला बोल लावला जातो, हे मी वारंवार पाहिले आहे आणि दरवेळी मला त्याचे वाईट वाटते.

खरी काळजी मीडिया एररची. खानापूर तालुक्यातील एका वाचनालयात जुनी इतिवृत्ते आणि स्थानिक नियतकालिकांचे अंक स्कॅन करून एका डिस्कवर ठेवले होते. ग्रंथपाल काकांनी सांगितले की एक फोल्डर उघडताना यंत्र अर्धा-अर्धा मिनिट गप्प बसते. डीमेसेजमध्ये ‘४१/४०’, त्याखाली मीडियम एरर आणि त्याखाली ‘अनरिकव्हर्ड रीड एरर – ऑटो रीअलोकेट फेल्ड’ ही ओळ होती. ही शेवटची ओळ वाचून अनेक जण समजतात की खराब सेक्टरच्या जागी वापरायचे डिस्ककडचे राखीव सेक्टर संपले. प्रत्यक्षात साटा डिस्कने असे काहीही म्हटलेले नसते. डिस्कने फक्त ‘वाचता आले नाही’ असा एक बिट दिलेला असतो आणि लिबाटा एका ठरावीक तक्त्यातून त्याला स्कझीतील हा संकेत लावतो. राखीव जागेची खरी स्थिती स्मार्टच्या ५, १९७ आणि १९८ या रकान्यांत दिसते : ५ मध्ये बदलून दिलेले सेक्टर, १९७ मध्ये अजून निकाल न लागलेले, १९८ मध्ये तपासणीत दुरुस्त न झालेले.

१९७ हा रकाना समजून घेण्यासारखा आहे. एखादा सेक्टर वाचता आला नाही म्हणून डिस्क तो लगेच बदलत नाही, कारण बदलला तर त्यातला मजकूर कायमचा गेला असे तिने मान्य केल्यासारखे होईल. ती वाट पाहते. पुढे कधी तो वाचता आला, किंवा त्यावर नवा मजकूर लिहिला गेला, तरच ती त्याचा निकाल लावते. म्हणूनच फॉरमॅट मारल्यावर किंवा पूर्ण डिस्कवर शून्ये लिहिल्यावर डिस्क बरी झाल्यासारखी वाटते. अडलेले सेक्टर लिहिले गेले, एक तर चांगले निघाले किंवा राखीव जागेने बदलले गेले, आणि एरर थांबली. पण जो मजकूर कदाचित दहाव्या प्रयत्नात वाचता आला असता, तो या उपचारात पुसला गेला. फॉरमॅटचा प्रश्न ऐकून माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळेच.

यंत्र गप्प बसते त्याचेही कारण इथेच आहे. कर्नल एका आज्ञेच्या उत्तराची सर्वसाधारणपणे ३० सेकंद वाट पाहतो. घरगुती वापराच्या डिस्क मात्र न वाचता आलेल्या सेक्टरसाठी त्याहून जास्त वेळ झगडू शकतात. मग कर्नल टाइमआउट नोंदवून लिंक रीसेट करतो, डिस्क आपला प्रयत्न अर्धवट टाकते, आणि पुन्हा तीच आज्ञा जाते. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून स्पष्ट उत्तर देतात, त्यामुळे एकच मजकूर दोन्हीवर ठेवणाऱ्या दोन डिस्कच्या जोडीत दुसरीवरून तो घेता येतो. ज्या डिस्कला ही सोय आहे तिला ‘स्मार्टसीटीएल’ने तशी मर्यादा घालता येते, जिला ती नाही तिच्यासाठी कर्नलची वाट पाहण्याची मुदत वाढवावी लागते. जोडीतील डिस्कसाठी हे न करणे म्हणजे एका सेक्टरपायी अख्खी डिस्क जोडीबाहेर जाण्याची सोय करणे होय.

वाचनालयात सर्वप्रथम ती डिस्क वापरातून काढली आणि ‘डीडीरेस्क्यू’ने तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो, कुठे काय राहिले त्याचा नकाशा एका फाइलमध्ये ठेवतो आणि मग राहिलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा परततो. काका खुर्ची ओढून शेजारी बसले आणि आकडे चढताना बघत राहिले. जवळजवळ सगळे आले. जे आले नाही ते नेमके काय, हे शोधणे उरले. सेक्टरचा क्रमांक हाती असला की हे गणित सोपे असते. कर्नल सेक्टर नेहमी ५१२ बाइटचा धरतो. समजा, न आलेला सेक्टर १८,४०,२१,९९२ आहे आणि पार्टिशन (डिस्कचा आखून दिलेला भाग) २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू होते. वजाबाकी केली की १८,४०,१९,९४४ उरतात. फाइल सिस्टिमचा ब्लॉक ४,०९६ बाइटचा, म्हणजे ८ सेक्टरचा, म्हणून ८ ने भागून ब्लॉक क्रमांक २,३०,०२,४९३ मिळतो. हा क्रमांक प्रतीवर ‘डीबगएफएस’ या तपासणीच्या प्रोग्रॅमला दिला की तो आयनोड, म्हणजे फाइलचा अंतर्गत नोंद-क्रमांक, सांगतो आणि आयनोडवरून फाइलचे नाव मिळते. त्या वाचनालयात ती एका वार्षिक सभेच्या इतिवृत्ताची पाने निघाली. मूळ वही कपाटात होती. काकांनी ती काढली, झटकली आणि तेवढी पाने पुन्हा स्कॅन केली. ‘डिस्क गेली’ या धास्तीपासून ‘ही पाने पुन्हा स्कॅन करायची आहेत’ या नेमक्या कामापर्यंत कर्नलच्या एका ओळीतल्या क्रमांकाने आम्हाला आणून सोडले होते.

लिहिताना होणारी चूक वाचतानाच्या चुकीपेक्षा जास्त छुपी असते. प्रोग्रॅमने पावती ‘सेव्ह’ केली की मजकूर आधी मेमरीतल्या पानावर जातो आणि कर्नल तो काही सेकंदांनी डिस्कवर उतरवतो. तोवर प्रोग्रॅमला ‘झाले’ असे उत्तर मिळालेले असते, प्रिंटरमधून पावती निघालेली असते आणि सभासद ती घडी करून खिशात घालून गेलेला असतो. उतरवताना डिस्कने नकार दिला तर कर्नल ‘बफर आय/ओ एरर’ आणि शेवटी ‘लॉस्ट असिंक पेज राइट’ असे लिहितो. पतसंस्थेच्या सर्व्हरवर ही ओळ दिसली तर मी ती सर्वांत गंभीर मानतो, कारण कागदावर आहे आणि खात्यात नाही अशी एखादी नोंद त्या क्षणी तयार झालेली असू शकते. ज्या प्रोग्रॅमने डिस्कवर उतरल्याची खात्री करून मगच पावती छापायची असे ठरवलेले असते, त्याला ही चूक कळते. इतरांना ती कळत नाही. म्हणून अशा ओळीची वेळ काढून त्या वेळेच्या आसपासच्या पावत्या आणि खाती हाताने ताडून पाहायला मी सांगतो, आणि निपाणी-चिकोडीकडच्या संस्थांत कॅशियरकडे पावत्यांची स्थळप्रत असते म्हणून ते शक्यही होते.

आता त्या रीड-ओन्लीकडे येतो. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिमला आपल्या नोंदवहीत, म्हणजे जर्नलमध्ये, लिहिता आले नाही किंवा आपल्याच रचनेत विसंगती दिसली आणि तशी सूचना दिलेली असली, तर ती जर्नल थांबवते आणि लेखन बंद करते. ही तिने केलेली राखण आहे. आणखी नुकसान होऊ नये म्हणून तिने दार लावून घेतले आहे. अशा वेळी सगळ्या प्रश्नांना ‘हो’ असे उत्तर देऊन ‘एफएससीके’ हा फाइल सिस्टिम दुरुस्त करणारा प्रोग्रॅम चालवण्याचा सल्ला जो तो देतो, आणि डिस्क मूळातच वाचत नसेल तर या सल्ल्याइतका घातक सल्ला दुसरा नाही. एफएससीके डिस्कवर लिहितो. जी डिरेक्टरी वाचता आली नाही ती नाहीच असे धरून तो रचना ‘दुरुस्त’ करतो आणि त्या डिरेक्टरीखालच्या फाइली नावागावाशिवाय मोकळ्या पडतात. आधी खालच्या स्तराची तक्रार वाचावी, मीडिया एरर असेल तर प्रत घ्यावी आणि एफएससीके त्या प्रतीवर चालवावा.

काही ओळी मात्र विनाकारण झोप उडवतात. यूएसबी डिस्क जोडल्यावर येणारी ‘अझ्यूमिंग ड्राइव्ह कॅश : राइट थ्रू’ ही ओळ, किंवा ‘डझन्ट सपोर्ट डीपीओ ऑर एफयूए’ ही ओळ, तिथे दोष नाही. एनव्हीएमई (मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या) डिस्कवर ‘कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट’ आणि सोबत सगळी ‘एफ’ अक्षरे असलेली स्थिती दिसली तर डिस्क बसवर उत्तरच देत नाही असा अर्थ होतो. तेव्हा वीज-बचतीची खोल अवस्था बंद करून पाहणे आणि डिस्क खाचेत नीट बसली आहे का ते बघणे, हे आधी करावे.

एक गोष्ट मात्र जिव्हाळ्याने सांगावीशी वाटते, कारण तिच्यामुळे चांगल्या माणसांनी चुकीची डिस्क उपसलेली मी पाहिली आहे. ‘एटीए३’ (पोर्टचे नाव) आणि ‘एसडीए’ (डिस्कचे नाव) या दोन नावांचा परस्परांशी ठरलेला संबंध नसतो, आणि ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे यंत्र पुन्हा सुरू केल्यावर अदलाबदलही होऊ शकतात. दोन डिस्कच्या जोडीत एक आजारी असताना निरोगी डिस्क काढली तर उरलेली आजारी डिस्कच एकमेव प्रत ठरते. म्हणून एटीए पोर्टवरून डिस्कचे नाव, नावावरून सीरियल क्रमांक, असा माग काढायचा आणि तो क्रमांक डिस्कवरच्या लेबलशी जुळल्याशिवाय हात घालायचा नाही. मी ज्या ज्या सर्व्हरची देखभाल करतो त्यांच्या डब्याच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवतो : कोणत्या पोर्टवर कोणत्या सीरियल क्रमांकाची डिस्क, केबल केव्हा बदलली, आणि त्या दिवशी १२ व १९९ या रकान्यांत काय होते.

राहिला प्रश्न या ओळी टिकवण्याचा. कर्नलचे संदेश यंत्राच्या लॉगमध्ये साठवले जातात (त्यालाही जर्नलच म्हणतात, पण तो फाइल सिस्टिमच्या नोंदवहीहून वेगळा), पण तो जर्नल बहुतेक वेळा त्याच डिस्कवर असतो जी बिघडत आहे, आणि फाइल सिस्टिमने दार लावून घेतल्यावर पुढची तक्रार तिथे लिहिली जात नाही. यंत्र बंद करून चालू केले की मेमरीतली प्रतही जाते. म्हणून जिथे शक्य आहे तिथे सर्व्हरचे लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या एखाद्या जुन्या संगणकावर पाठवण्याची सोय मी करून ठेवतो. कर्नलमध्ये ‘नेटकन्सोल’ नावाची व्यवस्थाही आहे, जी डिस्कला हात न लावता संदेश थेट नेटवर्कवर टाकते. जिथे एवढे जमत नाही तिथे कर्मचाऱ्यांना एवढेच शिकवले आहे की यंत्र बंद करण्याआधी डीमेसेज चालवायचे, पडदा वर सरकवत पहिल्या एररपर्यंत जायचे, मोबाइलवर तिथपासून फोटो काढायचे आणि मला पाठवायचे. कणकुंबीकडून येणाऱ्या फोटोत पडद्याच्या काचेवर पंख्याचे आणि खिडकीचे प्रतिबिंब पडलेले असते, अक्षरे तिरकी असतात. तरी ‘रेस’च्या ओळीतले दोन आकडे वाचता आले की केबल घेऊन निघायचे, एसएमपीएस घेऊन निघायचे की रिकामी डिस्क घेऊन, हे बेळगावातून बाहेर पडण्याआधीच ठरते.